तासाभराचे प्रात्यक्षिक, वर्षानुवर्षांचे झाड

थंडीचे दिवस सुरू झाले की महाराष्ट्रातील मोठ्या शहरांत फुलांची आणि बागेची प्रदर्शने भरू लागतात. पुण्यात एम्प्रेस गार्डनमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास भरणारे पुष्पप्रदर्शन जुने आणि नावाजलेले आहे. नाशिकला महापालिकेचा पुष्पोत्सव असतो. जळगाव-धुळ्याकडची कितीतरी कुटुंबे या दिवसांत पुण्या-नाशिकला जातात. कुणाची मुलगी तिथे शिकत असते, कुणाचा भाऊ नोकरीला असतो, कुणाकडे लग्न असते. सवडीचा एक दिवस मिळाला की मुलांना घेऊन प्रदर्शनही पाहून होते. गुलाब आणि शेवंतीच्या रांगा ओलांडून पुढे गेले की बोन्सायचा विभाग लागतो आणि तिथे पावले थबकतात. हातभर उंचीचा वड, पण बुंधा खऱ्या वडासारखा आणि पारंब्याही तशाच. मुले विचारतात, "हे खरे झाड आहे का?"

काही प्रदर्शनांत आणि बोन्सायच्या मेळाव्यांत प्रात्यक्षिकही असते. टेबलावर एक झिपरे, ओबडधोबड झाड ठेवलेले असते. जाणकार माणूस तास-दीड तास त्यावर काम करतो आणि शेवटी त्याच झाडातून जणू शंभर वर्षांचा वृक्ष उभा राहतो. लोक टाळ्या वाजवतात. बाहेरच्या स्टॉलवर बोन्साय, तार आणि कात्री विकायला असतेच. एखादी आपा किंवा एखादे मामू हौसेने झाड विकत घेतात, मांडीवर सांभाळत गाडीतून घरी आणतात. फेब्रुवारी बरा जातो. एप्रिलमध्ये पाने गळतात आणि मेच्या मध्यावर कुंडीत काटकी उरते.

मग घरात दोन वाक्ये ऐकू येतात. एक, "आपल्या खान्देशच्या हवेत हे जगतच नाही." दुसरे, सहसा घरातील वडीलधाऱ्यांचे, "मुक्या झाडाला असे छळून लहान ठेवणे बरे नव्हेच." बोन्साय करावे की करू नये हे ठरवण्यापूर्वी ही दोन्ही वाक्ये नीट तपासून पाहिली पाहिजेत. त्यासाठी प्रात्यक्षिकात काय दिसते आणि काय दिसत नाही, इथून सुरुवात करू या.

टेबलावर काय घडते

प्रात्यक्षिक दाखवणारा कलाकार आधी बराच वेळ कात्री हातातच घेत नाही. कुंडी फिरवून फिरवून झाड सगळ्या बाजूंनी पाहतो. मग बुंध्यालगतची माती काडीने बाजूला करतो. मुळे खोडापासून कुठून फुटली आहेत, ती चहूबाजूंना पसरली आहेत की एकाच अंगाला आहेत, हे त्याला पाहायचे असते. जमिनीवर दिसणाऱ्या या मुळांच्या पसाऱ्याला जपानी भाषेत 'नेबारी' म्हणतात. मुळे आणि खोडाचा बाक जिथून सर्वांत चांगला दिसतो ती झाडाची समोरची बाजू ठरते.

त्यानंतर फांद्यांची निवड होते. पहिली मोठी फांदी साधारणपणे झाडाच्या उंचीच्या एक तृतीयांशावर ठेवतात, दुसरी तिच्या विरुद्ध अंगाला थोडी वर, आणि एखादी मागच्या बाजूला, म्हणजे झाड सपाट दिसत नाही. एकाच ठिकाणाहून समोरासमोर फुटलेल्या दोन फांद्यांपैकी एक काढतात. सरळ खाली जाणाऱ्या, आत वळलेल्या, एकमेकींना घासणाऱ्या फांद्याही जातात. वड-पिंपळाच्या जातीचे झाड असेल तर कापल्याबरोबर पांढरा चीक वाहतो. तो ओल्या फडक्याने टिपून जखमेवर लेप लावतात.

मग तार येते. बहुधा ॲल्युमिनियमची असते, कारण ती मऊ असते आणि नवख्या हातालाही वळते. तारेची जाडी फांदीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश असावी आणि वेढे ४५ अंशांच्या तिरक्या रेषेत पडावेत, हा सर्वत्र पाळला जाणारा नियम आहे. वेढे फार जवळ पडले किंवा सैल राहिले तर फांदी वळवलेल्या जागी टिकत नाही. तार गुंडाळून झाल्यावर दोन्ही हातांचे अंगठे टेकवून फांदी हळूहळू वाकवतात. पाहणाऱ्यांचा श्वास इथे रोखला जातो.

झाडाला रूप देण्याच्या ठरलेल्या शैली आहेत. सरळ उभे झाड, नागमोडी खोडाचे, एका बाजूला कललेले, कड्यावरून खाली लोंबणारे, दगडाला मुळांनी कवटाळलेले, आणि एकाच पसरट कुंडीत अनेक झाडे लावून केलेले रान. या शैली कुणी मनाने काढलेल्या नाहीत. वारा, ऊन आणि खडकाळ जमीन झाडांना जी रूपे देतात, त्यांचीच ही नक्कल आहे. धुळ्याजवळ लळिंगच्या डोंगरावर किंवा यावल-रावेरकडून सातपुड्यात शिरताना खडकाच्या कपारीत वाढलेली झाडे पाहिलीत तर यातील बहुतेक शैली तिथे उभ्या दिसतील. बोन्साय शिकणाऱ्याने आधी अशी झाडे पाहावीत. पुस्तकातील चित्रे त्यानंतर.

प्रात्यक्षिक आणि कार्यशाळा यांत एक फरक आहे. प्रात्यक्षिकात एक जण करतो आणि बाकीचे पाहतात. कार्यशाळेत प्रत्येकाला रोप, तार, पसरट कुंडी आणि माती मिळते, शिकवणारा टेबलांमधून फिरत चुका दुरुस्त करत जातो. प्रात्यक्षिकात डोळा तयार होतो, कार्यशाळेत हात. शक्य असेल तर आधी पाहावे आणि मगच कार्यशाळेची फी भरावी.

जे टेबलावर दिसत नाही

प्रात्यक्षिकात सगळे काही असते, फक्त काळ नसतो. पाहणाऱ्याला वाटते की जुन्या वृक्षाचे रूप त्या तासाभरात आले. खरे म्हणजे ते झाड टेबलावर येण्यापूर्वी कित्येक वर्षे जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत मोकळे वाढवलेले असते. लहान कुंडीत गेल्यावर खोड जाड होण्याचा वेग एकदम मंदावतो. म्हणून बुंधा आधी मोठ्या जागेत जाड करायचा आणि नंतरच झाड पसरट कुंडीत आणायचे, असा क्रम आहे. बोटाएवढे रोप थेट बोन्सायच्या कुंडीत लावले तर ते बरीच वर्षे बोटाएवढेच राहते.

दुसरी गोष्ट घाईची. प्रात्यक्षिक पूर्ण दिसावे म्हणून पुष्कळदा एकाच बैठकीत छाटणी, तार आणि कुंडीबदल असे तिन्ही केले जाते. ज्याच्या हाताखाली शेकडो झाडे गेली आहेत, ज्याच्याकडे सावलीची जाळी आणि रोज पाहणारे माणूस आहे, त्याला ते झेपते. घरी मात्र एका वेळी एकच काम करावे. मोठी छाटणी केली तर मुळांना हात लावू नये. कुंडी बदलली तर तारेची घाई करू नये. नवी पालवी येऊन ती पक्व झाली म्हणजे झाड सावरले असे समजावे आणि मग पुढचे काम घ्यावे.

तिसरी गोष्ट तारेची. पावसाळ्यात वड-पिंपळाच्या जातीची झाडे इतक्या वेगाने वाढतात की दोन-तीन महिन्यांत, कधी त्याहूनही आधी, तार सालीत रुतू लागते. रुतलेल्या तारेचा वण वर्षानुवर्षे जात नाही. म्हणून दर आठवड्याला तार पाहावी, आणि काढताना उलगडत न बसता छोट्या पकडीने तुकडे करून काढावी. उलगडताना फांद्या मोडतात.

चौथी गोष्ट खान्देशासाठी सर्वांत महत्त्वाची आहे, ती हंगामाची. प्रदर्शने जानेवारी-फेब्रुवारीत भरतात, कारण फुले तेव्हा बहरतात आणि लोकांना फिरायला बरे वाटते. आपल्याकडे त्या दिवसांत रात्रीचा पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. वड, पिंपळ, उंबर, चिंच ही उष्ण प्रदेशातील झाडे थंडीत मंदावलेली असतात. तेव्हा त्यांची मुळे कापली तर ती लवकर भरून येत नाहीत, आणि भरून यायच्या आत मार्च-एप्रिलचा उन्हाळा डोक्यावर येतो. आमचा सल्ला असा की शिकावे थंडीत, पण कात्री चालवावी पाऊस स्थिरावल्यावर. जूनच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंत हवेत ओल असते, ऊन सौम्य असते आणि झाडाला फुटण्याची ओढ असते. छाटणी असो की कुंडीबदल, आपल्याकडच्या घरांसाठी तोच सोयीचा काळ आहे. जानेवारीत कार्यशाळेतून आणलेल्या झाडाची तार वेळेवर काढावी, त्याला पाणी द्यावे, आणि बाकी काही न करता पावसाळ्यापर्यंत सांभाळावे.

हा झाडाचा छळ आहे का?

घरातील वडीलधाऱ्यांचा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दयेपोटी आलेला तो प्रश्न आहे आणि त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे.

बोन्सायला उपाशी ठेवून लहान ठेवतात हा गैरसमज आहे. उपाशी झाड लहान राहत नाही, ते मरते. बोन्सायला खत द्यावे लागते, दर दोन-तीन वर्षांनी, वाढ जोरात असेल तर त्याआधीही, मुळांची छाटणी करून नवी माती द्यावी लागते. झाड लहान राहते ते शेंडे आणि मुळे खुडत राहिल्यामुळे. कुंपणाची मेंदी आपण वर्षानुवर्षे कापतो, द्राक्षाची आणि डाळिंबाची छाटणी शेतकरी दर हंगामात करतो. छाटणीतून झाड पुन्हा फुटते. तो त्याचा स्वभाव आहे.

नीट सांभाळलेले बोन्साय किती जगते याचा एक दाखला अमेरिकेत वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय बोन्साय संग्रहालयात आहे. तेथील एक जपानी पांढरा पाइन १६२५ पासून कुंडीत वाढवला जात आहे, म्हणजे वय सुमारे चारशे वर्षे. हिरोशिमातील यामाकी कुटुंबाने पिढ्यानपिढ्या तो सांभाळला. ६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबॉम्ब पडला, तेव्हा त्यांचे घर आणि बाग त्या ठिकाणापासून सुमारे तीन किलोमीटरवर होती. कुटुंब वाचले आणि भिंतीआडचे झाडही वाचले. १९७६ मध्ये जपानने अमेरिकेला जी बोन्साय झाडे भेट दिली त्यांत मासारू यामाकी यांनी हे झाड दिले. ज्यांनी बॉम्ब टाकला त्यांच्याच देशाला ही भेट होती. झाडाची ती कहाणी संग्रहालयातील लोकांना कळली २००१ मध्ये, यामाकी यांचे नातू झाड पाहायला आले तेव्हा. छळलेले झाड चारशे वर्षे जगत नाही.

ही कला मुळात चीनची. इसवी सन ७०६ मधील एका चिनी राजपुत्राच्या कबरीतील भित्तिचित्रात पसरट भांड्यातील लहान झाडे वाहून नेणारे सेवक दिसतात. पुढे जपानने तिला आजचे रूप दिले. १९२३ च्या भूकंपात टोकियो उद्ध्वस्त झाले, तेव्हा तेथील काही बोन्साय व्यावसायिक शहर सोडून ओमिया येथे गेले आणि १९२५ मध्ये त्यांनी बोन्सायचे एक गावच वसवले. त्या गावात राहायला येणाऱ्यांसाठी नियम होते. घरी किमान दहा बोन्साय असावीत, आणि घराचे फाटक पाहायला येणाऱ्यांसाठी उघडे असावे. आजची प्रात्यक्षिके आणि कार्यशाळा याच उघड्या फाटकाच्या रीतीतून आल्या आहेत असे म्हणता येईल. आपल्याला येते ते दुसऱ्याला दाखवावे, झाकून ठेवू नये.

तरीही वडीलधाऱ्यांच्या आक्षेपात एक खरी गोष्ट उरतेच. जमिनीतले झाड मुळे लांबवून पाणी शोधत जाते. परळाएवढ्या कुंडीतल्या झाडाला कुठेही जाता येत नाही. ते पूर्णपणे आपल्या हाती सोपवलेले असते, एखाद्या अमानतीसारखे. कात्रीने त्याचा छळ होत नाही. छळ होतो तो मेच्या दुपारी त्याला विसरण्याने.

महाराष्ट्रातील मेळावे

आपल्या राज्यात ही कला नवखी राहिलेली नाही. मुंबईत इंडो-जपानी असोसिएशनच्या बोन्साय अभ्यास गटाच्या निमित्ताने निकुंज आणि ज्योती पारेख या दांपत्याने अनेकांना या वाटेवर आणले. पुण्यात प्राजक्ता काळे यांच्या पुढाकाराने फेब्रुवारी २०१८ मध्ये कृषी महाविद्यालयाच्या मैदानावर 'बोन्साय नमस्ते' हे आंतरराष्ट्रीय संमेलन आणि प्रदर्शन भरले. देशविदेशातील कलाकारांनी तिथे लोकांसमोर झाडे घडवली, आणि आपल्याकडच्या सामान्य माणसाला मोठ्या संख्येने बोन्साय एका जागी पाहायला मिळाली.

ही कला महाराष्ट्रात रुजवण्यात स्त्रियांचा वाटा मोठा आहे, हे आमच्या वाचक भगिनींनी लक्षात घ्यावे. हे काम गच्चीवर, गॅलरीत, अंगणात होते. जागा थोडी लागते, अवजारे मोजकी लागतात. मात्र 'घरबसल्या झटपट कमाई' असे कुणी सांगत असेल तर सावध राहावे. विकण्याजोगे झाड तयार व्हायला वर्षे जातात. शौक म्हणून सुरुवात करावी. पाच-सात वर्षांत हात बसला आणि झाडे वाढली तर रोपे विकणे, दुसऱ्यांना शिकवणे या वाटा आपोआप उघडतात.

आपल्या मातीतली झाडे

आता पहिल्या वाक्याकडे वळू. "आपल्या हवेत हे जगत नाही." जपानी पाइन आणि इतर थंड प्रदेशातील सूचिपर्णी झाडे यांच्याबद्दल हे बऱ्याच अंशी खरे आहे. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो, तिथे ती टिकवणे अवघड. पण बोन्साय म्हणजे ठरावीक झाड नव्हे. ती झाड वाढवण्याची रीत आहे आणि ती आपल्या झाडांवरही चालते.

वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक ही एकाच घराण्यातील झाडे नवशिक्यासाठी सर्वांत चांगली. खोड लवकर भरते, छाटणी सोसते. बोगनवेल उन्हात फुलते आणि जुन्या खोडाची वेल फार सुरेख दिसते. चिंचेची बारीक पाने लहान झाडाला शोभतात. डाळिंब, करवंद आणि मेहरूणच्या बोरांमुळे जळगावला परिचित असलेली बोर ही काटक झाडे आहेत. जाड पानांचे जेड पाणी साठवून ठेवते, त्यामुळे एखादा दिवस चुकला तरी तग धरते. अंगणातील मेंदीचे जुने झुडूपही बोन्साय होऊ शकते, कारण ते कितीही कापले तरी फुटते.

रोप मिळवण्याचा आणखी एक मार्ग आपल्या जुन्या गावांत आहे. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेल्या बियांपासून वड-पिंपळाची रोपे जुन्या घरांच्या भिंतीत, गच्चीच्या कठड्यात, विहिरीच्या बांधकामात उगवतात. ती वाढली तर भिंत फाडतात, म्हणून लोक ती उपटून फेकतात. पावसाळ्यात भिंत ओली असताना असे रोप मुळांसकट अलगद सोडवावे, पाने कमी करावीत आणि खोल कुंडीत लावून महिनाभर सावलीत ठेवावे. भिंतही वाचते आणि वेड्यावाकड्या मुळांचे, आधीच वय असलेले झाडही मिळते. स्वतःच्या घरातून ते खुशाल घ्यावे. मशिदीच्या किंवा दर्ग्याच्या भिंतीवरचे असेल तर विश्वस्तांना विचारून घ्यावे. थाळनेरच्या फारुकी मकबऱ्यांसारख्या ऐतिहासिक वास्तूंना मात्र आपण हात लावू नये, दगड निखळण्याचा धोका असतो आणि ते काम पुरातत्त्व खात्याचे आहे. जंगलातून झाड उपटून आणणे हा तर कायद्याने गुन्हा आहे. प्रदर्शनातील स्टॉलवर 'जंगलातून आणलेले जुने झाड' म्हणून कुणी विकत असेल तर घेऊ नये.

माती, पाणी आणि मे महिना

खान्देशची काळी माती कापसाला चांगली, पण पसरट कुंडीला ती चालत नाही. ओली झाली की चिकट होऊन मुळांची हवा कोंडते, वाळली की भेगा पडून मुळे तुटतात. बोन्सायला पाणी झरझर निघून जाईल अशी भरड माती लागते. पक्क्या भाजलेल्या विटांचा चुरा दोन भाग, जाड वाळू एक भाग आणि चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, हे मिश्रण आपल्याकडे सहज जमते. विटांचे तुकडे मुगाच्या दाण्यापासून हरभऱ्याच्या दाण्यापर्यंतच्या आकाराचे चाळून घ्यावेत आणि खालची भुकटी टाकून द्यावी. वीट पक्की आहे की नाही हे पाहायला चार तुकडे रात्रभर पाण्यात ठेवावेत. सकाळी चिखल झाला तर ती वीट उपयोगाची नाही. कुंडीसाठी कुंभाराकडून तळाला दोन-तीन भोके असलेले पसरट परळ करून घेता येते. भोकांवर प्लास्टिकची जाळी ठेवावी, आणि त्याच भोकांतून तार ओवून झाड कुंडीला बांधावे, म्हणजे वाऱ्याने हलून नवी मुळे तुटत नाहीत.

पाणी ठरलेल्या वेळेला घालण्यापेक्षा गरज पाहून घालावे. खराट्याची काडी मातीत खुपसून पाच मिनिटांनी काढावी. ती ओलसर असेल तर थांबावे, कोरडी असेल तर तळातून वाहीपर्यंत पाणी द्यावे. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ दोनदा पाणी लागते. फजरच्या नमाजसाठी घर उठते तीच पाणी घालण्याची सर्वांत चांगली वेळ. कुंडी रात्रभर निवलेली असते आणि दुपारपर्यंतची बेगमी होते. नळाला रोज पाणी न येणाऱ्या घरांनी वुजूचे पाणी बादलीत साठवून झाडांना द्यावे. त्यात साबण नसतो, त्यामुळे ते चालते. आंघोळीचे साबणाचे पाणी देऊ नये. बोअरच्या जड पाण्याने कुंडीच्या कडेला पांढरा थर जमतो. पावसाळ्यात झाडे उघड्यावर ठेवली की पावसाच्या पाण्याने तो क्षार धुऊन जातो.

ठिबक सिंचनाचे नाव घेतले की देशभर जळगावचे नाव निघते, म्हणून गच्चीवरच्या कुंड्यांनाही ठिबक लावण्याचा मोह होतो. मोठ्या कुंड्यांना ते उत्तम. भरड मातीच्या पसरट कुंडीत मात्र थेंब पडतो तिथून सरळ खाली उतरतो आणि बाकीची माती कोरडी राहते. लावायचेच असेल तर एका कुंडीत दोन-तीन ठिकाणी थेंब पडेल असे लावावे, आणि आठवड्यातून एकदा कुंडी घमेल्यातल्या पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत बुडवावी.

मे महिन्यात गच्चीवरची फरशी तापते आणि चार बोटे मातीतील मुळे शिजतात. एप्रिलपासूनच झाडे पूर्वेकडच्या सावलीत आणावीत, वर हिरवी जाळी बांधावी, कुंडी थेट फरशीवर न ठेवता ओल्या वाळूच्या ताटात किंवा ओल्या गोणपाटावर ठेवावी.

आणि सर्वांत कठीण प्रश्न: लग्नसराईत सगळे घर चार दिवस गावाला गेले तर? झाड घेण्याआधीच याचे उत्तर घरात ठरले पाहिजे. शेजारच्या खालांकडे कुंडी द्यावी, किंवा अंगणातील मोठ्या झाडाखाली कुंडीसह जमिनीत गळ्यापर्यंत पुरून भरपूर पाणी घालून जावे. यातले काहीच शक्य नसेल तर बोन्सायऐवजी मोठ्या कुंडीत लिंबू किंवा मोगरा लावावा. त्यात कमीपणा नाही.

प्रदर्शनाला जाल तेव्हा

कार्यशाळेला घरातून कुणी जावे? बहुधा ज्याला हौस आहे तो जातो आणि पाणी घालायचे काम अम्मीकडे किंवा सुनेकडे येते. तिला न पाहिलेले, न समजलेले झाड सांभाळावे लागते, आणि ते मेले की दोषही तिलाच दिला जातो. हे बरे नाही. रोज जे पाणी घालणार आहे त्याला किंवा तिला कार्यशाळेत बसवावे. फी एकाचीच भरता येत असेल तर तिची भरावी.

शिकवणाऱ्याला विचारायच्या गोष्टी वहीत लिहून न्याव्यात. हे झाड कोणत्या जातीचे आहे आणि ४५ अंशांत टिकेल का? ते कुठून आणले, बियाणापासून की कलमापासून? तार किती महिन्यांनी काढायची? पहिले दोन महिने कुठे ठेवायचे? अडचण आली तर पुढे विचारायची सोय आहे का? चांगला शिक्षक या प्रश्नांनी खूश होतो.

स्टॉलवर झाड घेताना खोड हलकेच हलवून पाहावे. सहज डुलत असेल तर ते नुकतेच कुंडीत खोचलेले आहे. कुंडीखाली भोक आहे ना ते पाहावे. वरची खडी गोंदाने चिकटवलेली असेल तर पाणी आत जाणार नाही. फुगीर कांद्यासारख्या मुळांची, वर दोन-चार पानांची गुच्छे असलेली तयार झाडे सर्वत्र मिळतात. ती वाईट नसतात, पण त्यांच्यावर 'पन्नास वर्षांचे झाड' अशी चिठ्ठी असेल तर विश्वास ठेवू नये.

जळगाव-धुळ्यात हे शिकायला मोठ्या संमेलनाचीच वाट पाहायला हवी असे नाही. धुळ्याला कृषी महाविद्यालय आहे, जळगावला मेहरूणमध्ये एच. जे. थीमसारखे महाविद्यालय आहे, गावोगावी शाळांची अंगणे आहेत. पुण्या-नाशिकहून शिकून आलेल्या दोघी-तिघींनी जुलैच्या एखाद्या रविवारी मोहल्ल्यातील पाच-सहा घरांना बोलावावे. भिंतीतून काढलेली पिंपळाची रोपे, कुंपणाच्या मेंदीचे जुने खोड, विटांचा चाळलेला चुरा आणि कुंभाराची परळे एवढे पुरते. वर्षभराने त्याच घरांनी आपापली झाडे घेऊन पुन्हा जमावे. मे महिना ओलांडून आलेली झाडे त्या दिवशी समोर ठेवलेली असतील, आणि त्यांना पाणी घालणाऱ्यांना सांगण्यासारखे पुष्कळ असेल.